फोटोपुरती पट्टी

मालाचा डावा डोळा नाकाकडं वळला, त्यात सगळ्यात जास्त फायदा झाला तिच्या आईचा, अंजनाचा. मुलगी झाली म्हणून सासू, चंद्राबाई, वर्षभर धड बोलली नव्हती. पण पोर तिरळं बघू लागली आणि त्याच महिन्यात रानातल्या बोअरला पाणी लागलं. चंद्राबाईनं ‘लक्ष्मीची नजर’ म्हणून गावभर केलं. मग पलूसच्या बाजूला कुणी ट्रॅक्टर घेतला, दुकान उघडलं, की पहिली नजर मालाची, आणि शेजारच्या मानाच्या खुर्चीवर अंजना. मुलगा कवा, हे विचारायचं घर विसरूनच गेलं.

माला चार वर्षांची असताना सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी लक्ष्मीला बाजूला सारलं. “हा आजार आहे. मेंदू या डोळ्याचं ऐकेनासा झालाय. चष्मा लावा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी. आत्ताच. मोठी झाल्यावर जमणार नाही.”

नवरा नाथाजी फौजेत, राजस्थानात. “रोज पट्टीचा फोटो टाकायचा,” त्यानं फोनवर हुकूम सोडला.

पट्टी लावली की माला चौकटीला धडकायची, रडायची.

“चांगला डोळा झाकून पोरीला आंधळी करतीस व्हय गं?” चंद्राबाई म्हणाली. “आन् डोळा सरळ झाल्यावर बोलवतंय कोण? तुला तरी खुर्ची कोण देतंय?”

पोरीच्या रडण्यापेक्षा खुर्चीचं बोलणं अंजनाला जास्त लागलं. ती पट्टी चिकटवायची, फोटो काढायची, पट्टी सोलून टाकायची. तिकडून नाथाजीचा अंगठा यायचा. तो रजेवर आला की तेवढे दिवस पट्टी राहायची. पाच वर्षं.

यंदा रजेवर आल्यावर तोच मायलेकींना सांगलीला घेऊन गेला. बाईंनी मालाचा उजवा डोळा झाकला. “सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाच.”

“काय तरी काळं हाय.”

“पट्टी लावत होता ना?”

नाथाजीनं फोन पुढं केला. “बघा की मॅडम, एक दिवस चुकला न्हाई.”

“फोटो झाला की आई काढायची,” माला म्हणाली. आईची बाजू घ्यायची म्हणून पुढं म्हणाली, “मी लय रडायची ना, म्हणून.”

नाथाजीनं फोन खिशात घातला. बायकोकडं बघितलं नाही.

“ऑपरेशननं डोळा सरळ दिसेल,” बाई म्हणाल्या. “नजर येईल असं मला वाटत नाही.”

बाहेरच्या बाकावर अंजनानं हिशेब केला. ट्रॅक्टरवाल्याचं बरं चाललं होतं, दुकानदाराचंही. सासू गावात मिरवली. आपण पाच वर्षं घरात मान वर करून वावरलो. त्यातल्या कुणाच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. सगळं एकट्या मालानं भरलं होतं, आणि ती शेजारी बसून विचारत होती, “आई, मी अक्षर चुकले म्हणून पप्पा रागावल्यात का?”