धक्का की सडक

त्र्यंबकराव शाळामास्तरकीतून मोकळे झाले आणि ठाण्याच्या लोकल बोर्डात निवडून आले. पहिलंच काम अवघड निघालं. खाडीकाठच्या कोलशेत गावचं मीठ बाहेर न्यायला खाडीवर धक्का बांधावा, की ठाणे स्टेशनापर्यंत पक्की सडक करावी? दोन्हींपुरता पैसा बोर्डाकडे नव्हता.

"धक्काच बांधा, रावसाहेब," मिठागरवाले गुणाजी पाटील म्हणाले. "खाडी हाय तवर आमाला कालजी नाय."

बोर्डातलेच व्यापारी दौलतशेठ उलट सांगत. "खाडी गाळाने भरत चालली आहे. पुढे होडी तरंगायचीसुद्धा नाही."

त्र्यंबकरावांना दोघांचंही पटायचं. शेवटी ते स्वतः कोलशेतला निघाले. जाताना होडी गाळात रुतली. भरती येईपर्यंत छत्री धरून बसले असताना त्यांनी ठरवलं, सडकच बरी. परतताना बैलगाडी केली, तर मिठागरांजवळच्या नाल्यात तिचं चाक निखळलं.

"अहो, काय हा अवतार!" घरी पोचताच गुडघाभर चिखल बघून त्यांच्या पत्नी कलावतीबाई म्हणाल्या. "मग काय ठरलं?"

"काही नाही. जाण्याआधी निदान थोडं कळत तरी होतं."

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "बोला, धक्का की सडक?"

त्र्यंबकराव उभे राहिले. "मला सांगता येत नाही. खाडी भरेल की नाही, रेल्वेचं भाडं वाढेल की उतरेल, कुणालाच ठाऊक नाही. पण मीठ होड्या लागतात त्या बंदरावर न्या नाहीतर ठाण्याला, मिठागरांजवळचा नाला ओलांडावाच लागतो. आधी त्यावर मोरी बांधू, गाडी जाईल एवढा लहानसा पूल. खाडीत खांब रोवून गाळ किती चढतो ते बघू. मग ठरवू."

कुणीतरी हसलं. दौलतशेठ म्हणाले, "म्हणजे निर्णय टाळायचा!"

"चुकीचा घेण्यापेक्षा टाळलेला बरा," त्र्यंबकराव म्हणाले खरे, पण त्यांचे कान तापले होते.

कुरकुरत का होईना, ठराव झाला. मोरी झाली. पहिल्या पावसाळ्यात खांबाशी गाळ चढला, तेव्हा दौलतशेठ खूश झाले. दुसऱ्या पावसाळ्यात सगळा वाहून गेला, तेव्हा गुणाजी.

एकदा मोरीवर त्र्यंबकराव आणि गुणाजींची गाठ पडली. गुणाजींनी गाडी थांबवली. "मंग, रावसाहेब? काय ते कलला का?"

"नाही हो. पहिल्यापेक्षा जास्तच गोंधळलोय."

गुणाजी खळखळून हसले. "मना पन नाय कलला," म्हणत त्यांनी बैलांना हाकललं आणि मिठाची गाडी बंदराकडे वळवली. मागची गाडी ठाण्याच्या वाटेला लागली. त्र्यंबकराव कुणाला वाट द्यावी ते न कळून मधेच उभे राहिले.