भोंगामामांची चाचणी

जंगलात डिझेलच्या जीप बंद झाल्या आणि भोंगामामांचा धंदाच बसला. अर्धं आयुष्य त्या खटाऱ्यात गेलेलं. इंजिनावर आवाज चढवून पर्यटकांना माहिती सांगता सांगता गळा असा सुटला होता, की घरात मीठ मागितलं तरी शेजारी वाटी घेऊन दारात यायचे.

आता गाड्या फाटकाबाहेर ठेवून बॅटरीच्या बसने आत जायचं. बस चालवायची मामांची भाची. माहिती सांगायला माणूस हवा म्हटल्यावर तिनेच मामांना पुढे केलं. आज चाचणीची फेरी होती. वनअधिकारी बाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. नोकरीला नव्या असताना त्या मामांच्याच जीपमधून हिंडल्या होत्या.

"मामा, हळू बोला हं," भाचीने बजावलं.

"हळूच तर बोलतोय!" मामा म्हणाले, आणि फाटकावरची कबुतरं उडाली. "आता सुरू कर की गाडी."

"मामा, निघालोसुद्धा आपण."

पहिल्याच वळणावर हरणं दिसली. "ती बघा!" मामा कुजबुजले. निदान त्यांच्या मते ती कुजबुजच होती. हरणांचं मत वेगळं पडलं, ती एका उडीत पसार झाली.

"बस बिनआवाजाची घेतली आणि भोंगा आत बसवला," एक आजोबा म्हणाले. सगळे हसले. मामाही हसले. पण हे काम हातचं गेलं तर आपल्याच जंगलात तिकीट काढून यावं लागणार, या विचाराने त्यांना रडूच यायला लागलं.

ओढ्यापाशी बस थांबली. पलीकडे अस्वलाची मादी दोन पिल्लांना घेऊन पाणी पीत होती आणि अख्खी बस भलतीकडेच बघत होती. मामांनी तोंड उघडलं, तसंच मिटलं. बोलावं तर अस्वल जाणार, न बोलावं तर काम जाणार. इकडे आड, तिकडे विहीर!

मग त्यांना जुनी सवय आठवली. समोरासमोर आलेले जीपवाले हातांनीच बोलायचे, त्या खडखडाटात कानांचा काय उपयोग? तळवा पुढे सरकवला की रस्ता मोकळा, येऊ दे. मामा उठले. दोन्ही हातांनी छाती खाजवली, गुडघ्यापाशी दोन बोटं नाचवली आणि हात ओढ्याकडे केला.

लोकांना आधी वाटलं, मामांना काहीतरी चावलं. पण टोमणा मारणाऱ्या आजोबांनाच उमगलं. त्यांनी वळून मागच्यांसाठी छाती खाजवली, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांसाठी. बघता बघता सगळी बस गंभीर चेहऱ्याने खाजवत होती, आणि चकार शब्द नाही.

त्या शांततेत मामांना पाणी पिण्याची लपलप ऐकू आली. एवढ्या वर्षांत अस्वल पळतानाच पाहिलेलं, पाणी पिताना ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले.

अस्वलं निवांत झाडीत गेली. मामांनी भीत भीत मागच्या सीटकडे पाहिलं. बाईंनी हात उचलला आणि तळवा पुढे सरकवला.

मामांना आनंदाने ओरडावंसं वाटलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले.