आमचा वार नव्हे

दाक्षायणीचं डोकं सकाळपासून तापलं होतं. का तापू नये? मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या आळंदहून गुरुलिंग सोलापुरात शिकायला आला, तेव्हा गल्लीतल्या सात घरांनी त्याच्या जेवणाचे वार हौसेनं वाटून घेतले. जंगमाचं, लिंगायतांच्या गुरुघराण्यातलं पोर; अय्या म्हणायचं, जेवू घातलं की पुण्य. ज्याचा वार त्यानं अय्याच्या पाया पडायचं, पानात तूप ओतायचं. आता तोच अय्या मठाच्या ओवरीत तापानं फणफणत होता, आणि साती घरांच्या कानांत बोळे.

दवाखान्यात घेतील, पण परमुलखातल्या रोग्याला ‘हा आमच्या घरचा’ म्हणणारा गावातला घरमालक हवा. म्हणणार कोण? शहरात उंदीर पडत होते. ताप प्लेगचा निघाला तर त्या घरमालकाला बिऱ्हाडासकट घर सोडून माळावर झोपडीत जावं लागणार.

“आमच्याकडं सोमवारी तेवढा येतो,” शेजारीण म्हणाली. घरी नवरा रुद्रप्पानं तर कहर केला. “आपला गुरुवार. आज बुधवार हाय की.”

“ताप वार बघून येतोय व्हय?” दाक्षायणी म्हणाली. तिनं पदर खोचला, टांगा बोलावला आणि गुरुलिंगला त्यात घातलं.

“माझा भाऊ हाय,” तिनं दवाखान्यात ठोकून दिलं. माहेर तिचंही आळंदचंच, बोलणं पटण्यासारखं होतं. पण कंपाउंडरनं पोराला विचारलं, “कुणाच्या घरचा रे तू?”

गुरुलिंगनं कसेबसे डोळे उघडले. “आज वार कंचा?” त्यानं विचारलं.

कंपाउंडरनं मान हलवली. “बाई, घरमालक आणा.”

घरमालक दारातच उभा होता. बायकोला परत न्यायला रुद्रप्पा मागोमाग आला होता. त्याला बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बोला की,” ती चारचौघांत म्हणाली. “मीबी मोगलाईतलीच. उद्या मला ताप आला तर असंच दारात उभं ऱ्हाणार का? आपला वार न्हाय म्हणून?”

लोक बघू लागले. रुद्रप्पानं घाम पुसला. “आमच्या घरचा हाय,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

गुरुलिंगला आत नेलं. रुद्रप्पा तिच्याजवळ आला, हळूच म्हणाला, “चल आता घरी.”

“मी हितंच बसणार,” दाक्षायणी म्हणाली. “तुमी जा. माळावर झोपडीला जागा धरा.”