असोले नारळ आणि मस्कतचं विमान

देवकीने मस्कतला जायला साफ नकार दिला, आणि तोही बॅगा भरून झाल्यावर! शुक्रवारची दोघांची तिकिटं, गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमान, तिकडे लेक कमल पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पण देवकीचं एकदा नाही म्हणजे नाही.

तिचं माहेर मयेच्या तळ्याकाठी. लग्नाआधी ती होडीतून गवताचे भारे न्यायची. लांब बांबू तळाला टेकवून रेटा दिला की होडी पुढे. मध्यावर मात्र बांबू तळाला पोचायचा नाही. एकदा ती तिथे उन्हं कलेपर्यंत अडकून पडली होती, रडून रडून डोळे सुजले होते. "मग ढगात विमान कशाला टेकतं, ते सांगा आधी!"

कमलने फोनवर समजावलं, "आई, इंजिन पुढून हवा ओढतं, दाबतं, इंधन जाळून तापवतं आणि मागे जोरात फेकतं. त्या फेकण्याचाच रेटा विमानाला पुढे नेतो. टेकायला काही लागत नाही."

"फेकून कोण पुढे जातं गो? काहीतरीच!" देवकीने फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. लेकीसाठी जीव तुटत होता तिचा.

तिचा नवरा शिवदास चहात पाव बुडवत सगळं ऐकत होता. तो उठला, वीसेक असोले नारळ, काथ्याच्या सोडणासकट, पोत्यात भरले आणि बायकोला घेऊन मये गाठलं. तिला बसवून मेव्हण्याची होडी बांबूने दणकून रेटली, मध्यावर ती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि बांबू आडवा ठेवला.

"आता घरी जायचं तर नारळ मागे फेक."

"वेड लागलंय तुम्हाला!" देवकीने संतापून पहिला नारळ भिरकावला. होडी जराशी हलली. दुसरा फेकला. तिसऱ्याला तिचे डोळे विस्फारले. नारळ अजून हवेतच होता, पाण्याला लागलाही नव्हता, आणि होडी सरकली होती!

"अगो बाई! हा तर कशालाच टेकला नाही!"

मग तिला आवरतो कोण? धपाधप नारळ पडू लागले. काठावर तिचा भाऊ गोकुळदास पोट धरून हसत होता, तरंगणारे नारळ त्यालाच गोळा करायचे होते. एकच नारळ उरला तेव्हा शिवदासचा बांबू तळाला टेकला.

शुक्रवारी विमान धावपट्टीवर गरजलं आणि पाठीला खुर्चीचा दाब बसला. "फेकायला लागले हो!" देवकी आनंदाने ओरडली. शेजारी शिवदास डोळे गच्च मिटून बसला होता, कपाळ घामाने डबडबलेलं.

"अहो, तुम्हीच ना मला शिकवलंत?"

"तू लेकीकडे जावंस म्हणून," तो पुटपुटला. "मला पहिल्यापासून भीती वाटते."

देवकीला हसूही आलं आणि भरूनही आलं. "विमानाला टेकू लागत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला लागतोय तर धरा माझा हात."

मस्कत येईपर्यंत त्याने तो सोडला नाही.