वळणावरचा जोड

कॉटनपेटेतल्या विठोजीरावांच्या कारखान्यात लोखंडी फाटकं, खिडक्यांचे गज, गच्चीचे कठडे असं सगळंच होत असे. पण त्यांचं नाव झालं ते जिन्याच्या कठड्यांमुळे. त्यांच्या कठड्यात दोन तुकडे कुठं जुळलेत ते दिसत नसे. इतरांच्या कामात वेल्डिंगची गाठ दिसायची, नाहीतर बोल्टाचं डोकं वर यायचं. विठोजीराव जोड आतून घेत. एका नळीत भरीव खुंटी बसवायची, तिच्यावर दुसरी नळी सरकवायची, खालच्या अंगानं एक बारीक स्क्रू मारायचा आणि कानशीनं, पॉलिशच्या कागदानं सगळं असं घासायचं की वरून बोट फिरवलं तरी कळू नये.

आराखडा ते स्वतः काढत, कारखान्याच्या फरशीवर खडूनं, खऱ्या मापाचा. तो धातूत उतरवायचा भीमसेन. भीमसेन त्यांच्या बायकोचा, भाग्यलक्ष्मीचा, धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर तो अक्काकडेच वाढला, भावजींच्या हाताखाली काम शिकला आणि लग्न झाल्यावरही त्याच गल्लीत खोली घेऊन राहिला. बोलणं कमी. चार वाक्यांच्या जागी एक.

अठ्ठावन्न साली मल्लेश्वरममधल्या बायकांच्या एका संस्थेनं स्वतःचं सभागृह बांधलं. वर गॅलरी, आणि गॅलरीकडे चढणारा, मधेच वळणारा रुंद जिना. संस्थेच्या अध्यक्षा वसुमतीबाई यांनी विठोजीरावांना बोलावून सांगितलं, "जिना असा हवा की आत आल्याबरोबर माणसाची नजर तिथं जावी."

विठोजीरावांनी खाली लोखंडी सळ्या आणि वर पितळी दांडा असा कठडा योजला. वळणावर तो दांडा झऱ्यासारखा वळून गॅलरीला मिळायचा. त्या वळणाचं त्यांना फार कौतुक होतं. खडूनं काढलं, पुसलं, पुन्हा काढलं, आणि शेवटी त्यांनी ते इतकं आवळून घेतलं की सरळ नळी संपते तिथंच वळण सुरू होत होतं.

भीमसेन उकिडवा बसून आराखडा बघत राहिला. मग म्हणाला, "भावजी, इथं खुंटीला जागा नाही."

"आहे की. चार बोटं आहे."

"चार बोटं पुरायची नाही. वीतभर तरी आत जायला पाहिजे. वळण स्वल्प पुढं न्या. नाहीतर जोडाच्या खाली एक खांब द्या."

"खांब दिला तर वळण मेलं," विठोजीराव म्हणाले. "खालून चढणाऱ्या माणसाला पहिलं तेच दिसणार."

"माणसं वळणावरच भार टाकतात, भावजी."

"किती वर्षं झाली मला कठडे करून? तू बसव. मी सांगतो तसं बसव."

"सरी, बरं," भीमसेन म्हणाला, आणि सांगितलं तसं बसवलं. पुढं त्यानं विषय काढला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी विठोजीराव धुतलेला कोट, डोक्यावर जरीकाठी पेटा घालून गेले. पाहुणे येत होते. जिन्यापाशी उभं राहून विठोजीराव एकेकाला म्हणत होते, "बघा, जोड कुठं आहे सांगा." लोक नख फिरवून बघत, हसत, हार मानत. एका वकिलांनी तर चष्मा काढून, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अखंडच आहे हो." विठोजीरावांना त्या सकाळी फार बरं वाटत होतं. भीमसेन मागं भिंतीशी, हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून उभा होता. काही सैल झालं तर हाताशी असावं म्हणून तो पिशवी घेऊन आला होता.

उद्घाटनाचं गाणं सुरू व्हायच्या आधी संस्थेच्या चिटणीस तुंगाबाई गॅलरीतून खाली यायला निघाल्या. साठीच्या, अंगानं भरलेल्या, चटपटीत बाई. खाली कुणाची तरी हाक आली म्हणून वळणावर त्यांनी दांड्यावर हात टेकला आणि अंग झोकून खाली डोकावल्या. दांडा जोडातून निघाला. आवाज फारसा झाला नाही. पितळी नळी बाजूला झुकली आणि तुंगाबाई तोल जाऊन उरलेल्या पायऱ्यांवरून खाली आल्या.

लोक धावले. तुंगाबाई शुद्धीवर होत्या, पण पाय हलवता येत नव्हता. कुणीतरी मोटार आणली, त्यांना उचलून इस्पितळात नेलं. सभागृहात सगळे उभेच राहिले. विठोजीरावांनी वर पाहिलं. नळीच्या तोंडातून ती आखूड खुंटी बाहेर आलेली दिसत होती. कामातल्या माणसाला आणखी काही विचारायची गरज नव्हती.

वसुमतीबाई त्यांच्यासमोर आल्या. कन्नडमध्ये त्यांनी विचारलं, "विठोजीराव, हे कुणी बसवलं?"

प्रश्न तेवढाच होता. कुणी योजलं, असं त्यांनी विचारलं नव्हतं. विठोजीरावांना तो फरक तिथल्या तिथं दिसला आणि त्यांनी तो पकडला.

"बसवलं ते मी नाही, अम्मा. माझ्या मेव्हण्यानं."

सगळ्यांनी भीमसेनकडे पाहिलं. भीमसेननं विठोजीरावांकडे पाहिलं. क्षणभरच. मग तो खाली वाकला, पिशवी उचलली आणि जिना चढून निखळलेली नळी बाकीच्या दांड्यापासून सोडवू लागला, म्हणजे ती आणखी कुणाच्या अंगावर पडू नये. मघाचे वकील शेजारच्याला म्हणाले, "हाताखालच्या माणसांवर सोडलं की असं होतं." विठोजीरावांनी मान हलवली. ती मान आपण हलवली, हे त्यांना पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं, बोलण्यापेक्षाही जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भीमसेननं न विचारता जाऊन ते वळण कापून काढलं, पुढं नेलं, लांब खुंटी घातली आणि खाली खांब दिला. विठोजीराव दुपारी गेले तेव्हा काम झालं होतं. वळण जरा बोजड दिसत होतं. भीमसेननं दांड्याला लोंबकळून दाखवलं, खाली उतरला आणि म्हणाला, "भावजी, मला सरकारी कारखान्यात नोकरी मिळतेय. एक तारखेपासून जाईन म्हणतो."

"कधी ठरवलंस?"

"काल."

विठोजीरावांनी नव्या खांबाला हात लावून पाहिला. "बरं," ते म्हणाले. "सरकारी म्हणजे चांगलंच."

घरी भाग्यलक्ष्मीनं पुरी हकीकत बाहेरून ऐकली होती. रात्रीचं जेवण वाढताना तिनं विचारलं, "भीमाच्या हातून राहिलं का हो काही? खरंच?"

"जोड निसटला," ते म्हणाले.

"ते कळलं. त्याच्या हातून का?"

विठोजीराव पानावर हात धुऊन उठले. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती कारखान्यातली एकही गोष्ट विचारीनाशी झाली. पूर्वी ती आराखडासुद्धा येऊन बघायची.

भीमसेन शहराच्या पूर्वेला, त्या सरकारी कारखान्याजवळ राहायला गेला. विठोजीरावांनी दुसरा माणूस ठेवला. कामं येत होती. तुंगाबाईंच्या पडण्याबद्दल लोक हळहळत, पण दोष विठोजीरावांना कुणी देत नव्हतं. मेव्हणा म्हणून हाताशी धरला आणि त्यानं नाव घालवलं, असंच सगळे बोलत. विठोजीरावांच्या समोरच बोलत. ते ऐकत आणि दुसरा विषय काढत.

पाऊस सरत आल्यावर त्यांना ते सहन होईना. तुंगाबाई घरी आल्या आहेत असं कळल्यावर ते मल्लेश्वरमला गेले. वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं होतं. तुंगाबाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, पाय स्टुलावर. घरात मराठी बोलणारं जुनं देशस्थ कुटुंब. त्यांनी सुनेला कॉफी आणायला सांगितलं.

"बाई, त्या कठड्याबद्दल बोलायचं होतं," विठोजीरावांनी सुरुवात केली.

"अहो, झालं ते झालं," तुंगाबाई म्हणाल्या. "तुमचा मेव्हणा येऊन गेला. दर रविवारी येतो. मला ही चालायची काठी त्यानंच करून दिलीय, खाली रबर लावून. पहिल्या दिवशी आला तेव्हा म्हणाला, माझ्या हातून राहिलं, माफ करा. मी म्हटलं, माणूसच आहेस. फार सरळ मुलगा आहे. तुम्ही त्याला कामावरून काढलंत का?"

"नाही. तोच गेला."

"लाजेनं गेला असेल बिचारा."

कॉफी आली. विठोजीरावांनी तयार करून आणलेलं वाक्य जिभेवर होतं. पण इथं सगळं मिटलं होतं. बाईंनी क्षमा केली होती, ज्यानं मागितली त्याला. आता ते बोलले असते तर मिटलेलं उघडायचं, आणि या पडवीत, या बाईंसमोर, दोनदा मान खाली घालायची: एकदा कठड्यासाठी, एकदा भीमसेनसाठी. त्यांनी लोटा उचलला. कॉफी गरम होती, ती त्यांनी सावकाश संपवली. पायाची विचारपूस केली. मग नमस्कार करून निघाले. संपिगे रोडवर आल्यावर त्यांना बसची वाट बघत उभं राहवेना. ते कॉटनपेटेपर्यंत चालत आले.

वर्ष फिरलं. संस्थेनं सभागृहाच्या मागं विद्यार्थिनींसाठी वसतिगृह बांधायला घेतलं. मोठं काम होतं. प्रत्येक मजल्याला कठडा. वसुमतीबाईंनी विठोजीरावांना समितीच्या बैठकीत बोलावलं. टेबलाभोवती पाचसहा बाया होत्या, ते वकील होते, आणि तुंगाबाई होत्या, काठी खुर्चीला टेकवून.

"काम तुम्हालाच द्यायचं ठरतंय," वसुमतीबाई म्हणाल्या. "एकच अट आहे. तुमच्या त्या मेव्हण्याचा हात याला लागता कामा नये. मुली राहणार आहेत इथं."

वकील म्हणाले, "ते त्यांनी आधीच केलंय. काढून टाकलाय त्याला."

विठोजीराव उभे होते. टेबलावरच्या काचेवर त्यांनी हात ठेवला. मुली राहणार आहेत इथं, हे शब्द त्यांच्या कानात राहिले. पुन्हा आपण गप्प बसलो तर आपल्या वळणावर मुली हात टेकतील, आणि भीमसेन नावाचा माणूस या खोलीत कायमचा निष्काळजी राहील.

"त्यानं नाही केलं ते," ते म्हणाले. "जोड मी आखूड ठेवला. दिसायला बरं म्हणून. तो नको म्हणत होता. खांब द्या म्हणत होता. मी ऐकलं नाही. अम्मा, तुम्ही विचारलंत कुणी बसवलं, आणि मी त्याचं नाव सांगितलं."

वसुमतीबाईंनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी खाली पाहिलं. शेवटी तुंगाबाईच बोलल्या, मराठीत, हळू.

"तुम्ही माझ्या घरी आला होतात. ते हेच सांगायला?"

"हो."

"आणि कॉफी पिऊन गेलात."

विठोजीरावांचे कान तापले होते. आपण या बायकांसमोर, स्वतःच्या पांढऱ्या मिशांसकट, शाळेतल्या पोरासारखे उभे आहोत असं त्यांना वाटलं, आणि तरी तिथून हलवेना.

"बसा," वसुमतीबाई म्हणाल्या. ते बसले नाहीत. नमस्कार करून बाहेर पडले. वसतिगृहाचं काम दुसऱ्या कुणाला गेलं, आणि पेटेत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही.

त्याच आठवड्यात ते भीमसेनकडे गेले. सरकारी कारखान्याच्या वसाहतीतलं नवं घर, पुढं चार फुलझाडं. भीमसेन पाळीवरून नुकताच आला होता. त्याची बायको कावेरी पाणी देऊन आत गेली.

"समितीत सांगून आलो," विठोजीराव म्हणाले. "सगळ्यांसमोर. चूक माझी होती म्हणून."

"कळलं. तुंगाबाईंनी सांगितलं."

"तू त्यांना माझ्या हातून राहिलं असं का सांगितलंस?"

"राहिलंच की. मला माहीत होतं पुरायचं नाही, तरी बसवलं. तुमचं ऐकलं." भीमसेन म्हणाला, "आणि अक्काला तुमच्याच घरात राहायचं आहे."

"भीमा, माझं चुकलं."

"हो," भीमसेन म्हणाला. "पण भावजी, मला ते त्या दिवशी पाहिजे होतं. मी वर नळी सोडवत होतो तेव्हा वाट बघत होतो, तुम्ही आता बोलाल, आता बोलाल म्हणून. आज बोललात, तुम्हाला हलकं वाटलं असेल. मला आता त्याचं काय करायचं ते कळत नाही."

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर विठोजीरावांना सोपं गेलं असतं. "कारखान्यात परत ये," असं म्हणायला ते आले होते. ते न म्हणताच उठले.

घरी येऊन त्यांनी भाग्यलक्ष्मीला सगळं सांगितलं, पहिल्या खडूच्या रेघेपासून. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं. भीमानं आजवर कधी अर्धं काम केलेलं नाही." आणि सूप उचलून आत गेली.

दिवाळीला भीमसेन आणि कावेरी आले, अक्काच्या बोलावण्यावरून. पंगत मांडली. विठोजीराव वाढायला उभे राहिले. भीमसेनच्या शेजारचं पान मोकळं होतं, पण तिथं बसावं की नाही ते त्यांना ठरवता येईना. त्यांनी वरण वाढलं, तूप वाढलं, पुन्हा वरण आणायला निघाले.

"भावजी, बसा आता," भीमसेन म्हणाला. "भात गार होतोय."

ते बसले. भीमसेन कारखान्यातल्या नव्या यंत्राबद्दल अक्काला सांगत होता. विठोजीराव मान खाली घालून जेवत राहिले. त्याच्याकडे बघण्याचं धाडस त्यांना त्या दिवशी तरी झालं नाही.