डगलसरावाची डबी

“सरदार असा तोंडातल्या तोंडात बोलते का, भाऊ? आवाज काढा ना!” नाटक मंडळीचा मालक प्रफुल खालून ओरडला.

देवरावने पितळी डबी पुन्हा गळ्यात घातली, पुन्हा काढली, हात उगारला. “जा महाराज, नेहमीसारखे पुढे व्हा...” एवढंच निघालं. पुढचं वाक्य दातांआड राहिलं.

दुपारचा मांडव रिकामा होता. रात्री मुलचेऱ्याकडची सगळी गावं इथे लोटणार होती. झाडीपट्टीत देवरावला कुणी देवराव म्हणतच नसे. नाटकातल्या सरदारावरून तो डगलसराव. स्कॉटलंड नेमकं कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. सिरोंच्याच्या बरंच पलीकडे, एवढं नक्की. पण डगलस त्याला सख्ख्या भावासारखा माहीत होता. बाप इंग्रजांच्या कैदेत मेला, जहागीर गेली, तरी हा रानावनातून लढला. शत्रूकडच्या आया त्याच्या नावाने लेकरांना भीती घालत. त्याचा राजा मरताना म्हणाला, माझं काळीज पवित्र भूमीपर्यंत ने. ते डबीत घालून डगलस निघाला आणि वाटेतच, परक्या मुलखातल्या लढाईत, डबी शत्रूंमध्ये फेकून तिच्यामागे धावला. तिथेच पडला.

नाटकात राजा व्हायचा त्याचा दोस्त दादाजी. मरता मरता तो डबीत तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्ऱ्याची पुडी सरकवून द्यायचा, म्हणजे लढाईआधी पडद्यामागे सरदाराची सोय. लोक इकडे डोळे पुसत आणि तिकडे डगलसराव गाल फुगवून तलवार शोधत असे. एवढी वर्षं दोघं त्यावर हसले. मग दादाजीच्या तोंडात फोड आला. जबडा गेला, आवाज गेला, मागच्या उन्हाळ्यात दादाजीही गेला. आवाज होता तोवर मनगट धरून म्हणाला होता, “माह्या गावात नाटक लागलं त डगलस तूच करजो. दुसऱ्याले देऊ नको.”

हेच ते गाव. आणि देवरावच्या खर्ऱ्याने आखडलेल्या तोंडात आता एक बोट कसंबसं जात होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

“आपल्या निकेशले डगलस पाठ हाय,” प्रफुल जवळ येऊन हळू बोलला. “तुम्ही राजा करा. राजा मरून राह्यला असते, हळू बोलला तरी चालते.”

देवरावने मान डोलावली. भांडायलाही तोंड उघडावं लागतं.

तेवढ्यात दादाजीची बायको बायनाबाई चहाची किटली घेऊन आली. “जयभीम, भाऊ. आज तुम्हीच डगलसराव ना? ह्यायचा जीव त्यातच होता.”

“नाई, बाई. मी राजा.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. चहा ओठांच्या फटीतून ओढताना पाहिलं. वर्षभर तिने असंच एक तोंड चमच्याने भरवलं होतं. “किती उघडते?”

त्याने एक बोट दाखवलं. तिने हात पुढे केला. देवरावने सदऱ्याच्या खिशातली पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. लाज वाटली त्याला, लहान पोरासारखी.

तालीम पुन्हा सुरू झाली. दादाजी राजा होऊन मरायचा त्या खाटेवर देवराव आडवा झाला. “माझं काळीज... तिथवर ने,” तो पुटपुटला. तरुण निकेश गुडघ्यावर बसला होता. डबी घेताना आत पुडी आहे का ते बघायला त्याने ती कानाशी हलवली.

“रिकामी हाय,” देवराव म्हणाला. “रिकामीच ठेवजो.”

हे नाटकात नव्हतं, पण प्रफुलने अडवलं नाही. राजाने डोळे मिटले. निकेश पांढरी चादर ओढत छातीपर्यंत आला.

“तोंडावर नोको टाकू रे!” रिकाम्या मांडवातून बायनाबाई ओरडली. “आत्ताच नोको.”

निकेशने प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल खाली बघत होता. चादर हातात धरून निकेश तसाच उभा राहिला.