खट्ट वाजलं म्हणून काय झालं?

मी पाय बोलतोय. माणसाचा नव्हे, ट्रेलरचा. ट्रक सोडून निघून गेला की यार्डात ट्रेलरचा पुढचा भार आम्ही दोघं भाऊ पेलतो. मी डावा. आम्हाला वर-खाली करणारं हँडल माझ्या बाजूला आहे, त्यामुळे माणसांचं बोलणं मलाच जास्त ऐकू येतं.

कारखान्यात मला जोडणाऱ्या कारागिराने हातोडीने दोनदा ठोकून पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा ठोकलं. संशय घ्यायला मी तिथेच शिकलो असेन.

माझा संशय ट्रकवर असतो. तो मागे मागे येतो, त्याच्या पाठीवरची लोखंडी तबकडी ट्रेलरच्या पोटाखाली सरकते, ट्रेलरची जाड पिन तबकडीच्या जबड्यात शिरते आणि 'खट्ट' असा आवाज होतो. झालं काम, असं बहुतेकांना वाटतं. पण कधीकधी जबडा पिनला न धरताच मिटतो आणि तेव्हाही खट्टच वाजतं. असा ट्रेलर वाटेत सुटू शकतो. म्हणून वाकून टॉर्च लावायचा असतो. तबकडी आणि ट्रेलर यांच्यात फट नाही ना, जबडा पिनभोवती मिटलाय ना, हे डोळ्यांनी बघायचं. मग ट्रक हळूच पुढे ओढून पाहायचा. आम्हाला उचलायचं ते त्यानंतर. वाकायचं म्हटलं की मात्र लोकांच्या जिवावर येतं.

आमच्या ट्रकवर एक जुने ड्रायव्हर होते. त्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि जावईही त्यांच्याच जोडीला ड्रायव्हर म्हणून आला. तो त्यांना 'मामा' म्हणे, ते त्याला 'जावईबापू'. ट्रक जोडायचं काम जावयाकडे होतं. खट्ट ऐकलं की तो टॉर्च न काढताच हात झटकायचा. मामांना ते दिसायचं, पण जावयाला बोलायचं कसं? लेक त्या घरात नांदत होती.

मग रोज ट्रेलरजवळ मामांचं काहीतरी पडू लागलं. ते उचलायला म्हणून मामा वाकत आणि गुपचूप जबडा बघून घेत.

"मामा, आज काय सांडलं?" फाटकावर नोंदी ठेवणारी मावशी एकदा म्हणाली.

"बटण."

"शर्टाला तर सगळी आहेत."

"म्हणजे सापडलं म्हणायचं."

जावयाला वेगळाच संशय. "मावशी, मामा खाली तंबाखूची डबी लपवतात का हो?"

"मला काय ठाऊक? घरचं घरात विचार बाबा."

त्याने घरात विचारलं नाही. मामा फाटकावर सही करायला गेले, तेव्हा तो खाली शिरला आणि माझ्यामागे, दांड्यांवर, सगळीकडे हात फिरवून आला. हात ग्रीसने काळे झाले. जबडा चार पावलांवर होता. तिकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

मग तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच ड्रायव्हरने ट्रेलर सोडताना तो आमच्यावर गरजेपेक्षा उंच ठेवला होता. सकाळी जावयाने ट्रक मागे आणला. एरवी तबकडी खाली शिरली की माझ्यावरचा भार हलका होतो. त्या दिवशी झालाच नाही. तरी खट्ट वाजलं. मी समजलो, पण मला तोंड कुठे आहे?

जावयाने हवेचे पाइप आणि दिव्यांची केबल जोडली. ट्रक ओढून पाहिलाच नाही, हँडल धरलं. फाटकाबाहेर मोठा उतार होता आणि उताराच्या तळाशी बसथांबा.

मामांनी किल्ली टाकली. पण पाठीत उसण भरलेली, वाकता येईना.

"थांबा मामा, मी देतो." जावयाने किल्ली उचलून दिली. जबड्याकडे मात्र पाहिलं नाही.

मामांनी चष्म्याचं घर टाकलं. तेही त्याने उचलून दिलं.

"काय चाललंय तुमचं?" तो म्हणाला आणि हँडल एकदा फिरवलं.

मामांनी हँडलवर हात ठेवला. "जावईबापू, तुम्ही जबडा बघितला नाहीत."

"वाजला की. तुम्हीही ऐकलंत."

"ऐकलं. बघितला का?"

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

मामा जमिनीकडे बघत राहिले. "या बाबतीत नाही."

"हे घरी सांगू मी?"

"सांगा. पण आधी वाका."

तो रागाने खाली शिरला. टॉर्च लागला. तबकडी आणि ट्रेलर यांच्यामधल्या फटीत त्याची बोटं सहज आत गेली. पिन मिटलेल्या जबड्याच्या वरच राहिली होती.

बाहेर येऊन तो थेट ट्रकमध्ये चढला. ट्रक हळूहळू बाहेर काढला, जबडा पुन्हा उघडला, हँडल फिरवून ट्रेलर खाली घेतला आणि ट्रक परत मागे आणला. या वेळी भार माझ्यावरून सरला. त्याने वाकून पाहिलं, ट्रक दोनदा ओढून पाहिला.

"मामा, फट नाही. जबडा पिनभोवती मिटलाय."

"परत एकदा सांगा," मामा म्हणाले.

त्याने परत सांगितलं.

घरी त्याने काय सांगितलं, ते मला कळलं नाही. पुढे मामा निवृत्त झाले, जावई दुसऱ्या ट्रेलरवर गेला. मी गंजलोय, हँडल फिरताना कुरकुरतो आणि ड्रायव्हर रोज नवा असतो.

आत्ताच एक ट्रक मागे आलाय. खट्ट वाजलं. ड्रायव्हर फोनवर बोलत हँडलकडे येतोय. भार माझ्यावरून गेलाय की नाही, हे मला ठाऊक आहे, पण सांगता येत नाही. तुम्ही जवळपास असाल तर त्याला एवढंच विचारा, "बघितलंस का?" त्याला राग आला तर येऊ दे.